आतल्या खोलीपर्यंत
लेखमाला ‘घरातलं इंटरनेट’ : लेखांक ४

गेल्या आठवड्यात फायबरच्या तारेबरोबर आपण घराच्या दारापर्यंत आलो होतो. आज उंबरठा ओलांडायचा आहे, कारण बहुतेकांचा त्रास तिथून पुढे सुरू होतो.

आमच्याकडे फायबर जोडायला आलेल्या मुलाने वीस मिनिटांत काम उरकलं. जिन्यातल्या डक्टमधून तार आली, चौकटीशेजारी भोक पडलं आणि चपलांच्या कपाटावर राउटर बसला. हॉलमध्ये सगळं सुरळीत. आई मात्र आतल्या खोलीत असते. गुडघ्यांमुळे तिला सारखं हॉलमध्ये येणं जमत नाही. नाशिकच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना दर दोन मिनिटांनी मावशीचा चेहरा गोठायचा आणि आई फोन हातात धरून नुसती वाट बघत राहायची. तक्रार केली तेव्हा मोठा प्लॅन घ्या, असं सांगण्यात आलं. घेतला. बिल वाढलं, आईच्या खोलीत काहीही बदललं नाही.

बदलणार तरी कसं? दारापर्यंत येणारं इंटरनेट आणि दारापासून फोनपर्यंत जाणारं वायफाय या दोन वेगळ्या वाटा आहेत. प्लॅन पहिल्या वाटेचा असतो. म्हणून पैसे खर्चण्याआधी एक चाचणी करा. राउटरला तारेने लॅपटॉप जोडून वेग मोजा, मग राउटरजवळ उभं राहून फोनवर मोजा, मग शेवटच्या खोलीत. तारेवर पूर्ण वेग मिळतोय आणि आत मिळत नाही, याचा अर्थ दोष घरातल्या वाटेत आहे. मोजताना एवढं ध्यानात ठेवा की प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो आणि फाइल बाइटमध्ये. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीच उतरणार. त्यात कुणी फसवत नाही.

आता वाटेतल्या भिंती. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतं. पहिल्याची लाट सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, दुसऱ्याची त्याच्या निम्म्याहून कमी. ५ चा वेग जास्त, पण भिंतीत तो लवकर दमतो. विटांच्या भिंतीतून लाट निभावून जाते. सळ्यांनी भरलेला काँक्रीटचा खांब, लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याने भरलेली टाकी यांच्यापुढे तिची ताकद सरते. शिवाय तिरकी वाट महागात पडते. सहा इंचांची भिंत साठ अंशांच्या तिरप्या कोनातून ओलांडायची तर लाटेला फूटभर जाडी कापावी लागते. आमच्या दारापासून आईच्या पलंगापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढली, तर ती फ्रिज, बाथरूमच्या दोन भिंती आणि आरशाचं कपाट यांतून जात होती.

अँटेना आपल्या दिशेने वळवून ठेवण्याचाही उपयोग नाही. उभ्या अँटेनाभोवती लहरी आडव्या पडलेल्या मेदूवड्यासारख्या पसरतात. टोकाच्या दिशेने त्या सर्वांत क्षीण असतात. एकाच मजल्यावरच्या घरात अँटेना सरळ उभी ठेवावी.

फ्लॅटमध्ये याहून छळणारी गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांची वायफाय. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ अशी चॅनेल आहेत, त्यामुळे तेरा मोकळ्या जागा आहेत असं वाटतं. दोन चॅनेलमधलं अंतर मात्र फक्त ५ मेगाहर्ट्झ आणि एका राउटरला जागा लागते सुमारे २० ची. म्हणून १, ६ आणि ११ एवढीच एकमेकांच्या पायात येत नाहीत. १ वर आणि ६ वर गर्दी दिसली की माणूस समजुतीने ३ निवडतो आणि नेमका फसतो. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. अर्धवट एकमेकांवर चढलेल्यांना दुसऱ्याचं बोलणं समजत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. गर्दी असली तरी या तिघांपैकीच एक घ्यावं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, म्हणून जेवण गरम करताना कॉल अडखळतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांची संध्याकाळ खाते. स्मार्ट बल्ब किंवा प्लग बहुधा २.४ च समजतात. फोन ५ वर असेल तर कधीकधी काही केल्या जोडणी होत नाही. त्या वेळेपुरतं राउटरच्या सेटिंगमध्ये ५ बंद करावं, काम झालं की चालू करावं.

रिपीटर मी आणून पाहिला. सिग्नल नाही त्या खोलीत तो लावायचा नसतो. जिथे सिग्नल अजून धड आहे अशा मधल्या जागी लावायचा असतो. तरीही साधा रिपीटर ऐकायला आणि पुढे सांगायला तीच लहर वापरतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. माझं मत स्पष्ट आहे: तो नाइलाजाचा उपाय आहे.

आमचं काम शेवटी तारेनेच केलं. पंधरा मीटर कॅट-६ केबल भिंतीच्या कडेने नेली आणि राउटर पॅसेजमध्ये, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बसवला. आता आईच्या पलंगाच्या आणि त्याच्या मध्ये एकच भिंत आहे. मोठा प्लॅन बंद करून जुना घेतला. मावशीशी बोलणं तासभर चालतं.

घर बांधत असाल किंवा रंगकाम काढलं असेल, तर वायरमनला एक झिरी जास्त मारायला सांगा. दारापासून घराच्या मध्यापर्यंत आणि प्रत्येक खोलीपर्यंत नेटवर्क केबलसाठी वेगळा पाइप टाकून घ्या. विजेच्या तारांच्या पाइपात ती केबल घालू देऊ नका. भिंत एकदा बंद झाली की हे काम पुन्हा कुणी करत नाही.

पुढच्या लेखांकात राउटरचा पासवर्ड.