अतिदक्षता विभागाचे अंकगणित

शासकीय रुग्णालयात दहा खाटांचा नवा अतिदक्षता विभाग सुरू झाल्याची वार्ता येते, तेव्हा छायाचित्रात व्हेंटिलेटर असतात, मॉनिटर असतात आणि फीत कापणारेही असतात. त्या खाटांजवळ रात्री तीन वाजता कोण उभे राहणार, हे मात्र वार्तेत सहसा नसते. भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण तपासण्याची खोड अर्थशास्त्राच्या अध्यापकाला असतेच. म्हणून हा हिशेब.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका असावी आणि रजेसाठी आणखी ३० टक्के संख्या राखीव धरावी. तीन पाळ्यांच्या हिशेबाने १० खाटांना ३० आणि राखीव धरून ३९ परिचारिका लागतात. म्हणजे एक खाट याचा खरा अर्थ जवळजवळ चार परिचारिका असा होतो. यंत्र एकदा विकत घेतले की झाले. हे चार पगार दरमहा द्यावे लागतात. मे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून व्हेंटिलेटरांसाठी २,००० कोटी, स्थलांतरित मजुरांसाठी १,००० कोटी आणि लसविकासासाठी १०० कोटी रुपये देण्याचे जाहीर झाले. ती यंत्रे सांभाळणाऱ्या हातांसाठी त्या वाटपात वेगळी रक्कम नव्हती.

हे हात करतात तरी काय? श्वासनलिकेतील नळीत साचलेला कफ ओढून काढणे, तासातासाला लघवी मोजणे, औषधाच्या पंपाची गती पाहणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे. मॉनिटरच्या पुष्कळशा घंटा निरर्थक असतात, परंतु खरी कोणती हे जवळ जाऊनच कळते. एकीकडे तीन रुग्ण सोपविले तर कूस बदलण्याची वेळ दोनाची चार तासांवर जाते आणि जखम तिथेच सुरू होते. आमच्या सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचेही रुग्ण येतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू यांपैकी कोणतीही भाषा असो, घशात नळी असलेल्याला ती बोलता येत नाही. सिस्टरला ती त्याच्या डोळ्यांत वाचावी लागते. त्यासाठी लागणारा वेळ कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

जबाबदारी निश्चित करताना मात्र परिचारिका चटकन आठवते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागास आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. पुढे ज्यांना अटक झाली त्यांत परिचारिका होत्या. कसूर कोणाची, हा न्यायालयाचा प्रश्न. परंतु वीजजोडणीची वा अग्निशमन यंत्रणेची निविदा परिचारिका काढीत नाही, एवढे तर कोणीही सांगू शकेल.

मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोताद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा रुग्णांना वेठीस धरल्याची टीका झाली. संपाने रुग्णांचे हाल होतात, हे खरेच. पण नवखी परिचारिका व्हेंटिलेटरजवळ एकटी उभी राहण्याजोगी व्हायला काही महिने अनुभवी सिस्टरच्या हाताखाली काढावे लागतात. कंत्राट संपून ती निघून गेली की तिच्या जागी पुन्हा नवखी येते आणि शिकविणारी सिस्टर आपले रुग्ण सांभाळून तिलाही सांभाळते. प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या दारावर मंजूर पदे किती आणि भरलेली किती, याचा फलक लावावा, असा शासननिर्णय काढण्यास फारसा खर्च येणार नाही.