'बोर्ड उडाला' म्हणण्याआधी

संगणकाला सीरियल केबल जोडली, बोर्डाला वीज दिली आणि पडद्यावर थांबून थांबून इंग्रजी 'सी' हे एकच अक्षर उमटू लागलं. सी, सी, सी... पुढे काहीच नाही. बीगलबोन ब्लॅकवर लिनक्सचे धडे गिरवणाऱ्यांना हे कधी ना कधी दिसतंच, आणि 'बोर्ड उडाला' असा निकाल तिथल्या तिथे लागतो. पण उडालेला बोर्ड एक अक्षरही बोलत नसतो. त्या 'सी'चा अर्थ असा की, सोल्डर केलेल्या ईएमएमसी मेमरीत शोधलं, एसडी कार्डावर शोधलं, चालवण्याजोगं काही मिळालं नाही. आता याच तारेवरून एक्समोडेम पद्धतीने प्रोग्राम पाठवा. म्हणजे प्रोसेसर शाबूत आहे. हरवला आहे तो फक्त पहिला प्रोग्राम.

पहिला प्रोग्राम कशाला लागतो? हा बोर्ड २०१३ साली आला. त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५८ प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट डीडीआर३ मेमरी आहे. गंमत अशी की, वीज येते त्या क्षणी ही सगळी मेमरी निरुपयोगी असते. ती वापरायची तर तिच्या नियंत्रकाला कोणत्या संकेतानंतर किती थांबायचं, हे त्या विशिष्ट चिपनुसार सांगावं लागतं. प्रोसेसरच्या पोटात कायमचा कोरलेला रॉम कोड ते सांगू शकत नाही, कारण बोर्ड बनवणारा कोणती मेमरी बसवणार हे त्याला ठाऊकच नसतं. त्याच्या हाताशी असते ती प्रोसेसरमधलीच चिमुकली मेमरी, आणि तिच्यात पहिल्या प्रोग्रामला जागा मिळते फक्त १०९ किलोबाइट. तेवढ्यात मावणारी 'एमएलओ' ही फाइल आधी येते, मोठी मेमरी जागी करते आणि यू-बूटला बोलावते. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने ज्याचा पाया घातला, तो यू-बूट २००२ पासून याच नावाने ओळखला जातो आणि आज असंख्य राउटर, मीटर आणि यंत्रांमध्ये बसलेला आहे. तो लिनक्सचं कर्नल आणि बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन करणारा 'डिव्हाइस ट्री' मेमरीत आणून ठेवतो. मग कर्नल मूळ फाइल सिस्टीम जोडतं आणि पहिली प्रक्रिया सुरू करतं.

यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा काही ना काही बोलतो. आपण ऐकत नाही, एवढंच. एचडीएमआयला टीव्ही लावून बसणाऱ्याला कर्नलच्या आधीचं काहीच दिसत नाही. ऐकायचं ते बोर्डावरच्या सहा पिनांच्या सीरियल जोडणीवर, ११५२०० बॉड वेगाने. केबल मात्र ३.३ व्होल्टचीच हवी; ५ व्होल्टची लावली, तर 'बोर्ड उडाला' हे वाक्य खरं ठरू शकतं. एकदा अक्षरं दिसू लागली की नियम सोपा आहे. शेवटची ओळ कोणत्या टप्प्याची ते बघायचं आणि दोष तिथून पुढच्या टप्प्यापर्यंतच शोधायचा. मागचं सगळं ठीक चाललं, याचा पुरावा पडद्यावरच असतो.

अक्षरच आलं नाही तर? आधी वीज तपासावी. पॉवरचा दिवा लागून लगेच विझत असेल, तर कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. दिवा नीट असेल, तर मला पहिला संशय येतो तो विद्यार्थ्याने स्वतः जोडलेल्या सर्किटचा. प्रोग्राम कुठे कुठे शोधायचा, हे प्रोसेसर वीज येताच सोळा पिनांवरचा व्होल्टेज वाचून ठरवतो. पुढे त्याच पिना एलसीडीसाठी वापरल्या जातात आणि पी८ या जोडणीवर बाहेर आलेल्या असतात. तिथे लावलेल्या एखाद्या रिलेच्या सर्किटने एक पिन चुकीच्या वेळी वर किंवा खाली ओढली, की प्रोसेसर भलतीकडेच शोधत बसतो. सगळं काढून नुसता बोर्ड चालवून बघावा. कार्डावरून बूट करायला लावणारं एस२ बटणही यातल्याच एका पिनेला जोडलेलं आहे. म्हणून ते वीज देताना दाबून धरावं लागतं. चालू बोर्डावर ते धरून रीसेट दाबलं तर उपयोग होत नाही, कारण त्या पिना फक्त वीज येताना वाचल्या जातात.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे केबल लावली की चालणारा आणि काढली की अडणारा बोर्ड. यू-बूट सुरुवातीला क्षणभर थांबून कोणी कळ दाबतंय का ते बघतो. सीरियलची पिन मोकळी असेल, तर तिच्यावरचा विद्युत गोंगाटही त्याला अक्षरासारखा वाटू शकतो. मग तो आज्ञेची वाट बघत बसून राहतो. बीगलबोनच्या यू-बूटमध्ये 'कोणतीही कळ'ऐवजी स्पेसबार ठेवला गेला, तो यासाठीच.

'स्टार्टिंग कर्नल' ही ओळ आली आणि नंतर शांतता, हा सर्वांत फसवा प्रसंग. इथे बोर्डावरच्या चार निळ्या दिव्यांकडे बघावं. पहिला दिवा हृदयाच्या ठोक्यासारखा दोनदा लुकलुकत असेल, तर कर्नल व्यवस्थित चालू आहे, फक्त दुसऱ्याच पत्त्यावर बोलतंय. सुरुवातीच्या ३.८ कर्नलमध्ये या सीरियल पोर्टचं नाव 'टीटीवाय-ओ-शून्य' होतं. पुढे चालक बदलला आणि ते 'टीटीवाय-एस-शून्य' झालं. जुनी आज्ञा-ओळ नव्या कर्नलला दिली, की तोंड बंद होऊ शकतं. दिवाही निपचित असेल, तर डिव्हाइस ट्री तपासावा. दुसऱ्याच बोर्डाचं वर्णन हाती पडलेलं कर्नल पहिला शब्द उच्चारण्याआधी अडकू शकतं. 'अर्लीकॉन' हा पर्याय दिला तर ते कुठे अडकलं, हे बहुतेक वेळा कळतं.

कर्नल बोललं आणि मग 'रूट फाइल सिस्टीम जोडता येत नाही' म्हणून पॅनिक झालं, तर त्याच ओळीच्या शेवटी कंसात दोन आकडे असतात. अनेकजण ते वाचतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. (०,०) असेल तर कर्नलला डिस्कच सापडलेली नाही. एकतर नाव चुकलं, नाहीतर चालक नाही, किंवा कार्ड ओळखलं जाण्याआधीच त्याने घाई केली. शेवटच्या बाबतीत 'रूटवेट' हा शब्द पुरतो. (१७९,२) असेल तर मामला वेगळा. १७९ हा लिनक्समध्ये एसडी आणि ईएमएमसी उपकरणांचा क्रमांक. म्हणजे कार्ड दिसलं, दुसरं पार्टिशनही दिसलं, पण आतली फाइल सिस्टीम एकतर बिघडली आहे किंवा कर्नलला समजत नाही. कार्ड आणि ईएमएमसी यांचे क्रमांक कर्नल बदलताच आपसांत बदलू शकतात, म्हणून नावाऐवजी पार्टिशनची कायमची ओळख लिहिलेली बरी.

फाइल सिस्टीम बिघडते ती बहुतेकदा वीज अचानक गेल्याने, आणि भारनियमनाची सवय असलेल्या आपल्या भागात हे निराळं सांगायला नको. ईएक्सटी४ची नोंदवही बरंच सावरून घेते, पण फॅट पार्टिशनला ती सोय नाही. शिवाय कार्डाच्या आतला नियंत्रक आपल्या मर्जीने डेटा इकडून तिकडे हलवत असतो. त्याच वेळी वीज गेली, तर आपण हातही न लावलेली फाइल खराब होऊ शकते. शेतातल्या पंपावर किंवा गावच्या हवामान केंद्रात बोर्ड बसवायचा असेल, तर मूळ फाइल सिस्टीम फक्त वाचनासाठी जोडावी आणि नोंदी वेगळ्या पार्टिशनवर ठेवाव्यात.

बोर्ड अडला की 'कार्ड पुन्हा बर्न करून बघ' हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. कधी कधी त्याने बोर्ड चालू होतोही, पण दोष कुठे होता याचा पुरावा कायमचा पुसला जातो आणि पुढच्या महिन्यात तोच दोष परत येतो. आधी सीरियलवरचा मजकूर पहिल्या अक्षरापासून फाइलमध्ये साठवा. कुणाची मदत मागायची असेल, तर पडद्याचा फोटो पाठवू नका, ती पूर्ण फाइल पाठवा. सोबत बोर्डाची आवृत्ती, वीज कशातून दिली आणि पिनांना काय जोडलं होतं, हेही लिहा.