चष्म्यावरचा गॉगल आणि त्यातले धुके

जालना जिल्ह्यातील ज्या चष्मेधारी मंडळींनी सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गच्या बर्फाळ उतारावर स्कीइंग करण्याचा मनसुबा रचला आहे, त्यांनी हे ध्यानी धरावे की, श्वासातील व घामातील बाष्प थंड काचेस भिडताच दवरूपाने जमते आणि समोरची वाट दिसेनाशी होते.

यास्तव चष्म्यावरून बसणारा, दुहेरी काचेचा, ऐसपैस गॉगल घ्यावा. त्याची वरची हवेची छिद्रे टोपीखाली दडवू नयेत. मफलर त्याच्या आत खोचू नये. विश्रांतीच्या वेळी गॉगल घामेजल्या कपाळावर चढवू नये. आतील काच ओली झाल्यास घासू नये, कारण धुकेरोधक लेप खराब होतो. मऊ कापडाने केवळ टिपावी.

हेच नियम आपल्या जिल्ह्यातील पोलाद कारखान्यांत चष्म्यावर सुरक्षा-गॉगल घालणाऱ्या कामगारांसही बव्हंशी लागू पडतात. तेव्हा हा मजकूर त्यांच्यापर्यंत अवश्य पोचवावा.