न खेळताच जिंकलेली मुले

बेसबॉल हा खेळ आपल्या वस्त्यांतून फारसा दिसत नाही. अमेरिकेत मात्र आपल्याकडच्या क्रिकेटसारखे त्याचे वेड आहे. तेथील पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ या गृहस्थाने १९३९ साली लहान मुलांसाठी 'लिटल लीग' सुरू केली. मैदान लहान, सामना नऊऐवजी सहा डावांचा. १९४७ पासून तिची मोठी स्पर्धा भरू लागली. तिला 'लिटल लीग वर्ल्ड सिरीज' म्हणतात. आज जपान, तैवान, मेक्सिको अशा देशांतली दहा ते बारा वर्षांची मुले तेथे दर ऑगस्टमध्ये जमतात. या स्पर्धेच्या इतिहासात एका संघाची हकिगत अशी आहे, की ती घरोघरी मुलांना जवळ बसवून सांगावी असे आम्हांस वाटते.

साल १९५५. दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरात कॅनन स्ट्रीट वायएमसीए ही काळ्या लोकांची संस्था होती. तिच्या अकरा-बारा वर्षांच्या निवडक मुलांचा संघ शहराच्या स्पर्धेत उतरला. लिटल लीगच्या नियमांत काळ्या मुलांना बंदी नव्हती. आठच वर्षांपूर्वी, १९४७ साली, जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूने ब्रुकलिन डॉजर्स संघातून खेळून मोठ्या लीगची वर्णभेदाची भिंत फोडली होती. मग आपण का खेळू नये? मुलांना एवढेच कळत होते.

पण मोठ्यांच्या मनात दुसरेच होते. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. त्यामुळे दक्षिणेतील गोरा समाज खवळला होता. आज मैदानात एकत्र आले तर उद्या वर्गातही एका बाकावर बसतील, ही त्यांची भीती. चार्ल्सटनच्या गोऱ्या संघांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. कॅनन स्ट्रीटला पुढे चाल मिळाली. पुढे राज्य स्पर्धा आली. राज्याचे संचालक डॅनी जोन्स यांनी स्पर्धा वेगवेगळ्या घेण्याची परवानगी मागितली. लिटल लीगचे अध्यक्ष पीटर मॅकगव्हर्न यांनी ती नाकारली. तेव्हा राज्यातील एकसष्टच्या एकसष्ट गोऱ्या संघांनी बहिष्कार टाकला! जोन्स यांनी राजीनामा देऊन गोऱ्या मुलांसाठी वेगळी लीग काढली आणि ती दक्षिणेत झपाट्याने पसरली.

बहिष्कार हा शब्द आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. येथे तो बारा वर्षांच्या पोरांवर पडला होता.

एकही चेंडू न टाकता ही मुले राज्याची विजेती झाली. आता जॉर्जियातील रोम या गावी विभागीय स्पर्धा होती आणि तेथून विल्यम्सपोर्टची वाट. पण मुख्य कार्यालयाने नियमावर बोट ठेवले. जो संघ मैदानात खेळून जिंकलेला नाही, त्याला पुढे जाता येणार नाही! ज्यांनी खेळायला नकार दिला त्यांच्यामुळे, जे खेळायला तयार होते ते बाहेर राहिले. जोन्स यांनी दार उघडपणे लावले. मॅकगव्हर्न यांनी भेदभावाला नकार दिला खरा, पण नियमाची कडी त्यांनीच घातली. मुलांच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच झाला.

मुलांचे समाधान करावे म्हणून त्यांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावण्यात आले. चार्ल्सटनहून बसने लांबचा प्रवास करून मुले तेथे पोचली. मैदानावर त्यांची ओळख करून देण्यात आली, तेव्हा प्रेक्षकांतून आवाज उठला, 'त्यांना खेळू द्या! त्यांना खेळू द्या!' तो आवाज त्या मुलांनी जन्मभर लक्षात ठेवला. पण त्यांना खेळू दिले गेले नाही. प्रेक्षकांत बसून त्यांनी दुसऱ्यांचा सामना पाहिला. त्याच ऑगस्टच्या अखेरीस मिसिसिपी राज्यात एम्मेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी खून केला. काळ्या मुलांसाठी तो काळ असा होता.

दोनच वर्षांनी, १९५७ साली, मेक्सिकोच्या मॉन्तेरे शहरातील मुलांनी हीच स्पर्धा जिंकली. अमेरिकेबाहेरचा तो पहिला विजेता संघ. अंतिम सामन्यात त्यांच्या आन्हेल मासियास या मुलाने असे चेंडू टाकले, की समोरच्या संघाचा एकही खेळाडू पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचू शकला नाही. संधी मिळाली तर गरिबाचे पोर काय करून दाखवते, हे जगाने पाहिले. कॅनन स्ट्रीटची मुले काय करू शकली असती, हे मात्र कोणालाच कधी कळणार नाही.

२००२ साली लिटल लीगने त्यांना राज्य विजेतेपदाचा ध्वज दिला. तोवर ती 'मुले' साठीच्या घरात आली होती. सन्मान उशिरा का होईना, झाला, ही चांगलीच गोष्ट. पण बारावे वर्ष कोणालाच परत देता येत नाही.

म्हणून आईबापांना आमचे सांगणे एवढेच, की आपल्या मुलामुलींना मैदानावर जरूर पाठवा. खेळात हार झाली तर त्यांना ती पचवायला शिकवा. पण नियम दाखवून कोणी त्यांना बाहेर बसवले, तर तो नियम कोणासाठी आहे आणि कोणाच्या सोयीचा आहे, हे त्याच दिवशी, तेथल्या तेथे विचारा. सत्तेचाळीस वर्षे थांबू नका.