पिठल्याने शिकवलेलं कस्टर्ड क्रीम

सबमिशन, ओरल आणि मेसची भाजी सोडून कॉलेजच्या मासिकात दुसरंही काही वाचायला मिळावं म्हणून हा लेख. विषय आहे केकमध्ये आणि पेस्ट्रीमध्ये भरायचं कस्टर्ड क्रीम. (रेक्टर सर, हे सगळे प्रयोग घरी केलेले आहेत. रूमवर हॉटप्लेट नाही. शप्पथ!)

झालं असं की माझी आजी दौंडला मामाकडे असते. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे अंडं वर्ज्य. मामा रेल्वेत. क्वार्टर्समध्ये सतत कुणाचा तरी वाढदिवस असतो, केक येतो. आजी सगळ्यांना ओवाळते, आणि बशी तिच्याकडे आली की म्हणते, "ठेव तिथं, मागनं खाते." मागून ती कधीच खात नाही. हे मी लहानपणापासून बघत आले. गेल्या मे महिन्यात तिला ७५ वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ठरवलं की या वेळी केकचा पहिला घास आजीचा.

दही-सोडा घालून बिनअंड्याचा केक आई शिरूरला घरी नेहमी करते. प्रश्न क्रीमचा होता. फेटलेलं क्रीम मे महिन्याच्या उन्हात पाघळून जाणार. पेस्ट्रीत भरतात ते मूळचं फ्रेंच कस्टर्ड क्रीम अंड्याच्या बलकावर घट्ट होतं, म्हणजे तेही बाद. उरली कस्टर्ड पावडर.

या पावडरची गोष्ट मला फार आवडली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचा एक केमिस्ट होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे. म्हणून त्याने १८३७ साली अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरून कस्टर्ड बनवलं. म्हणजे ही पावडर जन्मालाच आली ती घरातल्या एका माणसाला सगळ्यांबरोबर खाता यावं म्हणून! आपल्याकडे पुण्यातच १९५६ साली सुरू झालेली वीकफिल्ड कंपनी ती बनवते. पाकिटात मुख्यतः मक्याचा स्टार्च, रंग आणि व्हॅनिलाचा वास असतो. अंडं नसतं. तरी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्यावा.

आता सामान. अर्धा लिटर दूध (म्हशीचं असेल तर उत्तम), कस्टर्ड पावडर ४ मोठे चमचे, साखर ६ ते ७ मोठे चमचे आणि घरचं लोणी १०० ग्रॅम. नुसतं ओतून खायच्या कस्टर्डला यापेक्षा निम्मी पावडर पुरते, पण केकच्या दोन थरांमध्ये उभं राहायचं तर दुप्पट हवी. दुकानातलं पिवळं बटर बहुतेक वेळा खारट असतं, ते घेऊ नका. लोणी मात्र गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या, नाहीतर ताकाचा आंबूसपणा उतरतो.

पहिल्या दिवशी मी उकळत्या दुधात पावडर टाकली आणि ढवळत बसले. सगळ्या गुठळ्या! फोडली तर आत कोरडी पावडर. वैतागून दौंडला फोन लावला आणि केकचं काही न सांगता विचारलं, "आजी, पिठल्यात गुठळ्या का होतात गं?" ती म्हणाली, "आगं, पीठ थेट आधणात टाकलं व्हय? आधी गार पाण्यात कालवून घ्यावं."

एवढंच होतं! स्टार्चचे कण थंड दुधात सुटे राहतात. गरम दुधात पडले की ढिगाऱ्याच्या बाहेरचे कण लगेच फुगून चिकट होतात आणि आतल्या कणांपर्यंत दूध पोचतच नाही. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगायला लागतो. याला जिलेटिनायझेशन म्हणतात. कॉन्व्हेंटमुळे मला हा शब्द स्पेलिंगसकट पाठ होता, अर्थ मात्र पिठल्याने कळला. असो.

दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी थंड दुधात पावडर कालवली, उरलेलं दूध साखर घालून तापवलं आणि त्यात हे मिश्रण धार धरून ओतलं. दाट झाल्याबरोबर खुशीत गॅस बंद केला. चव बघितली तर कच्च्या पिठाची, आणि सकाळी कडेने पाणी सुटलेलं. पुन्हा फोन. आजी म्हणाली, "घट झालं म्हंजी शिजलं न्हाई. रटरटू दे की जरा." तर दाट झाल्यावरही मंद आचेवर, तळ खरवडत, बुडबुडे येऊ देत दोन मिनिटं शिजवायचं. कण पुरते फुगायला ९० अंशांच्या पुढे जावं लागतं. पण शिजून गार झाल्यावर फार घोटायचं नाही, फुगलेले कण फुटून ते पुन्हा सैल होतं.

गार होताना वर साय धरते. ती नको असेल तर प्लास्टिकचा स्वच्छ कागद थेट कस्टर्डला टेकवून ठेवा.

तिसरी पायरी लोण्याची. इथे तापमान सांभाळलं की जिंकलात. कस्टर्ड कोमट असेल तर लोणी वितळतं, फ्रीजमधून काढलेलं असेल तर लोण्याचे दाणे होतात. दोन्ही सारखंच गार हवं, बोट लावलं तर ना ऊन ना थंडगार. लोणी आधी हलकं होईपर्यंत फेटा आणि त्यात कस्टर्ड चमच्याचमच्याने घाला. माझे दाणे झालेच! मग भांडं क्षणभर कोमट पाण्यात धरून पुन्हा फेटलं आणि क्रीम गुळगुळीत झालं. फळं घालायची असतील तर पाणी निथळून, अगदी शेवटी. अननसासारखी आंबट फळं कस्टर्डला पातळ करतात.

एक महत्त्वाची सूचना. हा दुधाचा पदार्थ आहे, उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, फ्रीजमध्येही दोन दिवसांत संपवा. म्हणून आम्ही केक कोरडाच नेला आणि क्रीमचा स्टीलचा डबा मोठ्या डब्यात, चहूबाजूंनी बर्फ भरून. न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथे गाडी बदलून दौंड. सगळा वेळ डबा माझ्या मांडीवर, ड्रेस भिजून चिंब!

मामाच्या स्वयंपाकघरात केकचे दोन थर कापून क्रीम भरलं. बशी आजीपुढे धरली, तशी ती सवयीने म्हणाली, "ठेव तिथं." मी म्हटलं, "आजी, यात अंडं नाही. तुझ्या पिठल्याच्या पद्धतीनं केलंय." ती माझ्याकडे बघत राहिली. मग फोन आठवले असावेत, कारण एकदम हसली. पहिला घास खाल्ला, थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, "साखर जरा जादा झाली." आणि दुसरा तुकडा घेतला!

तर मग सुट्टीत घरी गेलात की करून बघाच. साखर मात्र ६ चमचेच घाला. आणि गुठळ्या झाल्याच तर गरम असतानाच गाळणीतून गाळा, कुणाला कळणार नाही.