लकी बांबू आणि रविवारचं पाणी

गेल्या श्रावणात सिल्वासाला नणंदेकडे गेले होते. पावसाला खळ नव्हती. टीव्हीशेजारी काचेच्या भांड्यात लकी बांबूच्या तीन कांड्या होत्या, त्यातली एक पिवळी पडलेली. "वहिनी, हे अशुभ तर नाही ना?" नणंदबाईंना खरंच काळजी वाटत होती.

भांडं उचलून पाहिलं, तर पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या! शेजारच्या घरातला मुलगा नुकताच डेंगीतून उठला होता. अशुभ म्हणायचं तर हेच.

मुळात हा बांबूच नव्हे. आपला वेळू, कन्नडमधला बिदिरु, गवताच्या कुळातला. हे मात्र आफ्रिकेतलं ड्रासिना जातीचं झाड. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला घरातलं असं साठलेलं पाणी फार आवडतं. २००१ मध्ये चीनहून अमेरिकेत कॅलिफोर्नियाला पाण्यात ठेवून पाठवलेल्या लकी बांबूबरोबर याच जातकुळीचे डास जाऊन पोचले होते.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर रविवारी पाणी बदला. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. भांडं आतून काथ्याने घासा, मुळं आणि खडे धुवा.

झाडालाही हेच मानवतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला सोसत नाही, पानांची टोकं करपतात. पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून सकाळी वापरा. पावसाचं स्वच्छ पाणी मिळालं तर उत्तमच. मुळं बुडतील इतकंच पाणी पुरे. उजेड हवा, पण थेट ऊन नको. खत फार झालं तरी पानं पिवळी पडतात. मुळं लालसर-केशरी दिसली तर घाबरू नका, ती निरोगी असतात. काळी, बुळबुळीत झाली तर मात्र कापून टाका. पिवळी कांडी लगेच बाजूला काढा, नाहीतर शेजारच्या कांड्याही कुजतात. तिचा शेंडा हिरवा असेल तर तो कापून वेगळ्या पाण्यात ठेवा, मुळं फुटू शकतात. घरात मांजर-कुत्रं असेल तर झाड उंचावर ठेवा, पानं त्यांना बाधतात.

नणंदबाईंनी पिवळी कांडी काढली, भांडं लख्ख घासलं. परवा त्यांचा फोन आला. "वहिनी, दोनच कांड्या राहिल्यात, पण दोन्हींना नवी पानं आलीत. आणि रविवार एकही चुकवला नाही हं!"