जठरातला जंतू आणि आतड्यातले पॉलिप

जठरातल्या जळजळीत आम्लात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षे तग धरतो, तो युरिएज या विकराच्या जोरावर. हे विकर युरियापासून अमोनिया तयार करते आणि जंतूभोवतीचे आम्ल निष्प्रभ होते. एंडोस्कोपीत काढलेला अस्तराचा कणभर तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवला आणि जेल गुलाबी झाले, की जंतू सापडला. पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवला. अल्सरशी त्याचे नाते उलगडल्याबद्दल २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. जठराच्या कर्करोगाचे कारण म्हणून त्याची नोंद तर १९९४ सालीच झाली होती. आता संशय आणखी खाली, मोठ्या आतड्यापर्यंत पोचला आहे. तिथे कर्करोगाआधी उगवणाऱ्या अडेनोमा जातीच्या पॉलिपांनाही हा जंतू हातभार लावतो का? माझ्या मते लावतो, पण थोडाच.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दीड लाखाहून अधिक लोकांच्या जठराचे आणि मोठ्या आतड्याचे तपासणी-अहवाल ताडून पाहिले गेले. जंतू असलेल्यांत अडेनोमाची शक्यता सुमारे दीडपट निघाली. २०२४ मध्ये आठ लाखांवर माजी सैनिकांच्या नोंदींत जंतू आढळलेल्यांना आतड्याचा कर्करोग १८ टक्के अधिक दिसला. यावर रास्त आक्षेप असा, की वय, सिगारेट आणि गरिबी दोन्हीकडे हजर असतात, मग दोष जंतूचाच कशावरून? हिशेबात हे घटक वजा करता येतात, पण पूर्णपणे नाही. म्हणून मला जर्मनीतला उंदरांवरचा प्रयोग अधिक वजनदार वाटतो. आतड्यात गाठी होण्याची जनुकीय प्रवृत्ती असलेल्या उंदरांना हा जंतू दिल्यावर गाठी वाढल्या, आणि प्रतिजैविकांनी तो लवकर काढल्यावर ती वाढ रोखली गेली. जंतूमुळे आतड्यातली प्रतिकारपेशींची घडी विस्कटली होती, तिथले जिवाणूही बदलले होते. दुसरा आक्षेप आपल्याकडचा: भारतात हा जंतू घरोघरी, पण आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्यांपेक्षा कितीतरी कमी. पण दोन देशांच्या तुलनेत आहार, लठ्ठपणा, आयुर्मान असे बरेच काही बदलते, आणि छोटा धोका मोठ्या फरकांखाली सहज झाकला जातो. एकाच समाजातली तुलना म्हणूनच जास्त बोलकी.

तरीही केवळ आतड्याच्या काळजीपोटी सरसकट प्रतिजैविके घेणे मला पटत नाही. उपचार बहुधा चौदा दिवसांचा, एकाच वेळी अनेक औषधांचा, आणि आपल्याकडे मेट्रोनिडाझोलला हा जंतू बऱ्याचदा दाद देत नाही. अल्सर असेल किंवा घरात जठराचा कर्करोग झालेला असेल, तर गोष्ट वेगळी. शिवाय रोज सकाळी घेतली जाणारी ‘गॅसची गोळी’ चाचणीत जंतू लपवते, त्यामुळे डॉक्टरांना विचारून ती साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते. शौचातून रक्त गेले की मूळव्याध समजून मलम लावत बसण्याची सवय मात्र या जंतूपेक्षा घातक आहे, कारण तेव्हा गरज असते कोलोनोस्कोपीची. जंतू औषधाने गेला तरी आधीच उगवलेला अडेनोमा आपोआप जाईल असे धरून चालता येत नाही. तो दुर्बिणीतून तारेच्या फासात पकडून कापावा लागतो.